व्हॅनची पहिली आंघोळ

आई,

तुझं वीस-पन्नास नंबरचं इंजिनाचं तेल इथं चालत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू मधेमधे 'पण जाड तेल बरं असतं' असं म्हणत बसणार नाहीस. शाळेची पोरं नेणाऱ्या तुझ्या व्हॅनला ते बरोबरच होतं. सांगलीचं ऊन, दमलेलं पेट्रोल इंजिन, दर थोड्या दिवसांनी वरून तेल पाजावं लागायचं, अशा गाडीला जाडच तेल हवं. माझी व्हॅन डिझेलची आहे, तिच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी एक जाळी बसवलेली आहे, आणि आयर्लंडमधल्या नोव्हेंबरच्या सकाळी जाड तेल काकवीसारखं तळाशी बसून राहतं. तिला पातळ पाच-तीस लागतं, आणि तेही कमी राखेचं. या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, तुझंही ऐकणार नाही. तू असतीस तर माझ्याशी कडाकडा भांडली असतीस आणि मग गुपचूप डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचायला चष्मा शोधला असतास.

माझ्याकडे व्हॅन आहे हेच तुला ठाऊक नाही म्हणा. तू गेलीस तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. पुढे शिकायला डब्लिनला आले, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, आणि लिक्सलिपला घर घेतलं, कारण नवरा इथल्या कॉम्प्युटरच्या चिप बनवायच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. माझी नोकरी हॉटेलांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. २०२० साली साथ आली, हॉटेलं बंद झाली आणि त्यांच्या मागोमाग आमची कंपनीही गेली. मी चार दिवस तोंड पाडून बसले आणि पाचव्या दिवशी कणीक मळायला घेतली. मेनूथच्या विद्यापीठात शिकणारी आपली मराठी मुलं खोल्यांत अडकून नूडल्स खात होती, ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलातल्या आपल्या नर्सना ड्युटीवरून आल्यावर चूल पेटवायचं त्राण उरत नव्हतं. त्यांच्यासाठी डबे सुरू केले. आधी नवऱ्याच्या गाडीच्या डिकीतून पोचवत होते. मग नासजवळच्या एका फुलवाल्या बाईंनी दुकान आवरलं, त्यांची छोटी व्हॅन मी घेतली. दारावरची फुलं खरवडून काढली तरी ऊन पडलं की पुसट दिसतात. ती व्हॅन थांबली की माझा धंदा थांबला, त्यामुळे तिच्या पोटात काय जातं याकडे माझं मुलीच्या जेवणाइतकंच लक्ष असतं.

आणि अप्पा इथेच आहेत. साथ यायच्या जरा आधी नातीला बघायला म्हणून आले आणि विमानंच बंद झाली. नगरपालिकेत जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला इथे करायला काही नाही. शेजारचे म्हातारबा कुंपणापलीकडून विचारपूस करतात, त्यांना अप्पा इथल्यासारखं ऐटीत "ग्रँड, ग्रँड", म्हणजे झकास, म्हणतात. कपाटाला आता ते माझ्या मुलीसारखं 'प्रेस' म्हणायला लागलेत. तिला त्यांचं सगळं मराठी समजतं, उत्तर मात्र ती पक्क्या इथल्या इंग्रजीत देते, आणि तरीही दोघांची तासन् तास गट्टी जमते. तुझ्याबद्दल अप्पा आपणहून फारसं बोलत नाहीत. व्हॅनचं बॉनेट उघडलं की मात्र त्यांच्या तोंडून तू बाहेर पडतेस. "हिला कुठलं तेल घालतीस?" असं त्यांनी मला उन्हाळाभर विचारलं. मी पाच-तीस म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "पाण्यागत असणार की ते. तुझी आई वीस-पन्नास घालायची. गाडी कशी शांत चालायची तिची." मी हसून बॉनेट लावून टाकायचे. त्यांच्या मनात ते किती खोल गेलंय हे मला कळलं नाही.

तेल निवडायला मात्र मी तुझ्याकडूनच शिकले, याचं श्रेय घे. अजूनही मला दिसतं, आपल्या सांगलीच्या स्वयंपाकघरात तेलाच्या बरण्यांची रांग आहे: भाजीला शेंगदाण्याचं, चटणीवर कच्चं घ्यायला करडईचं, देवापुढे तिळाचं, डोक्याला खोबरेल. एकात दुसऱ्याचा थेंब गेलेला तुला खपत नाही. पळीसुद्धा वेगळी. आणि तीच तऱ्हा बसस्टँडमागच्या त्या ऑइलच्या दुकानात. शाळेची पोरं सोडून आपण दोघी व्हॅन घेऊन तिथे जातो, तू मला पुढे करतेस आणि म्हणतेस, "सांग, काय पायजे." मी बारावीत आहे, मला मैत्रिणीकडे जायची घाई आहे, मी दुकानदाराला म्हणते, "द्या हो कुठलंही." तू सगळ्या गिऱ्हाइकांदेखत माझ्याकडे वळतेस. "कुठलंबी म्हंजे? उद्या डोक्याला कुठलंबी लावून कॉलेजात जाशील का? वीस पोरं बसत्यात त्या गाडीत." दुकानदार खाली बघून हसतो, माझे कान तापतात, आणि तू मला प्रत्येक डब्यावरचा आकडा वाचायला लावतेस. गाडी चालवणारी बाई म्हणून त्या गल्लीत तुझी टर उडवणारे कमी नव्हते. पण तेल घेताना तुला फसवायची कोणाची छाती नव्हती. आज दुकानात उभी राहते तेव्हा मी तुझीच मुलगी असते, बोलायची पद्धतसुद्धा तुझीच.

आता दिवाळीचं सांगते, कारण त्यासाठीच लिहायला बसलेय. नरक चतुर्दशीला तू गाडीलाही पहिली आंघोळ घालायचीस. आदल्या दिवशी तेलाचा डबा गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवलेला असायचा, ओतायला सोपं जावं म्हणून. पहाटे आम्हा सगळ्यांना उटणं लावून झालं की आपण अंगणात. चाकांपुढे रांगोळी, बॉनेट उघडं, अप्पांच्या हातात नरसाळं, माझ्या हातात निरांजन. तू डबा कलता करून धार सोडायचीस. अप्पा नरसाळं असं धरायचे की जणू देवाला अभिषेक चाललाय. गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत, आपली सायकल बरी म्हणायचे. तुझ्या गाडीचं त्यांनी केलेलं एकमेव काम म्हणजे हे नरसाळं धरणं, आणि ते त्यांनी एकाही वर्षी चुकवलं नाही.

गेल्या दिवाळीला इथे कडक लॉकडाउन होता. खाण्याचे डबे पोचवायला परवानगी होती, आणि माझ्याकडे तोवरच्या सगळ्यात मोठ्या ऑर्डरी होत्या, डब्याबरोबर फराळाचे खोके. दुपारपर्यंत पोचवायचा शब्द दिला होता. घरापासून लांब, एका खोलीत बंद असलेल्या पोरांची दिवाळी म्हणजे तो खोका, हे मला ठाऊक होतं, आणि ऐनवेळी दगा दिला तर पुन्हा कोणी मला विचारणार नाही, हेही. नवरा नाइट शिफ्टला, गाडी त्याच्याकडे, आणि तिच्या डिकीत आता एवढे खोके मावलेही नसते. अजून उजाडलं नव्हतं, मी चकल्या भरत होते, तेवढ्यात मुलगी डोळे चोळत खाली आली आणि म्हणाली, "ममा, आजोबा इज आउटसाइड. ही इज फीडिंग द व्हॅन."

मी तशीच बाहेर धावले. अप्पांनी माकडटोपी घातली होती, स्वेटरवर उपरणं होतं, बॉनेट उघडं होतं. दुधाची प्लास्टिकची बाटली कापून केलेलं नरसाळं इंजिनाच्या तोंडात उभं होतं आणि हातातला डबा जवळजवळ रिकामा झाला होता. डब्यावर मोठ्या अक्षरात वीस-पन्नास लिहिलेलं होतं. जुन्या ट्रॅक्टरांचं तेल. गावाबाहेरच्या शेतीच्या दुकानात जावयाबरोबर कुंड्यांसाठी माती आणायला गेले होते, तिथे त्यांना तो आकडा दिसला होता. इथे ऊन कुठलं, म्हणून तो डबा त्यांनी दोन दिवस हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवला होता.

"अप्पा, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? पैली आंघोळ न्हवं आज? आपण सगळी न्हाऊन बसायचं आणि तिला पारोशी ठेवायची व्हय?"

मी तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली. वरच्या खुणेच्या कितीतरी वर तेल चढलं होतं. खाली जुनं पाच-तीस जसंच्या तसं आणि त्यावर हे. मला रडू आलं ते रागाचं. एका क्षणी असंही वाटलं की आज एवढे डबे पोचवून येऊ, संध्याकाळी बघू. पण मन धजेना. तेल इतकं जास्त झालं की इंजिन त्याला फेस आणतं, नको तिथे ढकलतं, डिझेल इंजिन त्याच तेलावर भडकून पळत सुटतं आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. आणि ती जाळी. लहान लहान फेऱ्यांनी ती काजळीनं आधीच भरते. सप्टेंबरात तिचा दिवा लागला होता, तेव्हा मी व्हॅन मोटरवेवरून थेट नासपर्यंत पळवून काजळी जाळून आणली होती. काजळी जळते. साध्या तेलाची राख जळत नाही, ती जाळीत कायमची घर करते. एका फेरीनं ती भरली नसती, पण चालतंय तोवर चालवू असं एकदा म्हटलं की माणूस ते रोज म्हणतो.

"अप्पा, हे तेल काढावं लागेल. सगळं."

"आता घातलंय तर काढायचं कशाला? जरा जास्त झालं तर काय बिघडतंय?"

"हे या गाडीचं तेल नाही."

ते डब्याकडे बघत राहिले. "तुझी आई हेच घालायची."

"हो."

"मग तिचं चुकत हुतं म्हणतीस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि माझं उत्तर काय येईल याची त्यांना भीती वाटत होती. मी त्यांच्या हातातून डबा घेतला. "तिनं तिच्या गाडीला बघून घातलं, अप्पा. मी माझ्या गाडीला बघून घालते. या गाडीला तिनंसुद्धा हे घातलं नसतं." ते उपरण्यानं हात पुसत आत गेले आणि मी दुकान उघडायची वाट बघत उरलेले खोके भरून टाकले.

इथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानाला मोटर फॅक्टर्स म्हणतात. आमच्या घरापासून चालत जाता येईल असं एक आहे. उघडायच्या आधीच मी दारात. काउंटरवरच्या माणसानं व्हॅनचा नंबर टाकला, पडद्यावर दोन तेलं आली, दोन्ही पाच-तीस. कंपनीनं त्या वर्षी जाळीवाल्या आणि बिनजाळीच्या अशा दोन्ही व्हॅन काढल्या होत्या, म्हणून. त्यानं समोर रचलेल्या ढिगातला डबा उचलून माझ्यापुढे ठेवला. "शुअर, दे आर ऑल द सेम. यू विल बी ग्रँड." मी म्हटलं, ऑल द सेम नाहीत. माझ्या व्हॅनला जाळी आहे, मला कमी राखेचं हवं, आणि गाडीच्या पुस्तकात दिलेला तेलाच्या प्रतीचा नंबर मी त्याला तोंडपाठ सांगितला. त्यानं डबा फिरवून मागे वाचलं, मास्कमधून "फेअर प्ले टू यू", म्हणजे शाबास, असं काहीतरी म्हणाला आणि आत जाऊन दुसरा घेऊन आला. आकडा तोच असला तरी प्रत निराळी, ही गोष्ट पाटीवर मोठ्या अक्षरात कुठेही लिहिलेली नसते. मी बरोबर तेलाचा फिल्टर आणि तेल काढायच्या खालच्या बोल्टची नवी तांब्याची चकती घेतली. जड डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत घरी आले तेव्हा मला भूक लागली होती आणि फार छान वाटत होतं. आपल्याला काय हवं ते नेमकं माहीत असण्याचं सुख तुला मी सांगायला नको.

व्हॅन नेहमीसारखी अर्धी फुटपाथवर चढवलेली होती. चाकांना विटा लावल्या, खाली पुठ्ठा अंथरला, जुनी परात सरकवली आणि मी गाडीखाली शिरले. इंजिन गार, त्यामुळे तेल सावकाश उतरत होतं. पावसाची भुरभुर सुरू झाली. तेवढ्यात मला पुठ्ठ्याशेजारी अप्पांचे बूट दिसले, मग गुडघे, आणि मग छत्री धरून वाकलेले अप्पा. परातीत पडणारी काळी धार ते बघत होते.

"हे काळं काय निघतंय?"

"जुनं तेल. आधी हे काढायचं, मग नवं घालायचं."

"दर वेळी?"

"दर वेळी, अप्पा. नाहीतर ते मावणार कुठे?"

त्यांनी छत्री पुढे करून बाहेर आलेल्या माझ्या पायांवर धरली.  मग म्हणाले, "मग तुझी आई हे कवा काढायची?"

आई, मी गाडीखाली उताणी पडले होते. मलाही ते तेव्हाच कळत होतं. अप्पांनी जन्मभर तेल ओतलेलंच पाहिलं. नरसाळं हातात यायच्या आधी कोणीतरी गाडीखाली जाऊन सगळं काळं काढून, बोल्ट आवळून, परात धुऊन ठेवलेली असायची. आम्हाला वाटायचं तू पाणी तापवायला लवकर उठतेस. उटणं लावताना तुझ्या नखांच्या कडा काळ्या असायच्या आणि मी कुरकुर करायचे की आई, तुझे हात घाण आहेत. तू डाळीच्या पिठानं परत हात धुऊन यायचीस आणि पुन्हा पाठ चोळायला घ्यायचीस.

"पहाटे," मी खालून म्हटलं. "आपण उठायच्या आधी."

"मला कदी उठवलं न्हाई तिनं," अप्पा म्हणाले. छत्री त्यांच्या हातात कलली आणि सगळं पाणी माझ्या पायांवर आलं. मी बाहेर आले तेव्हा ते रडत होते, लहान मूल रडतं तसे, तोंड न लपवता. मी त्यांना जवळ घेतलं, माझे हात तेलाचे, म्हणून कोपरांनीच. कुंपणापलीकडून शेजारचे म्हातारबा विचारत होते, सगळं ठीक ना, आणि अप्पांनी रडता रडता हात वर करून त्यांना "ग्रँड" म्हणून सांगितलं.

मग मी त्यांच्या हातात नवीन डबा दिला आणि नरसाळं मी धरलं. ओतायचं त्यांनी. पातळ तेलाची धार त्यांनी नीट बघितली, बोटावर घेऊन चोळली, नाक मुरडलं आणि पुन्हा ओतायला लागले. पट्टी मी त्यांच्याकडूनच वाचून घेतली. व्हॅन पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी सगळे खोके वेळेत पोचवले. मेनूथच्या एका घरात चार पोरं खिडकीत उभी राहून टाळ्या वाजवत होती, चकलीच्या वासानं वेडी झालेली. ब्लँचर्डस्टाउनला एक नर्स खोका छातीशी धरून स्वतःच्या गाडीतच बसून खायला लागली. त्या दिवसानंतर मला नवी गिऱ्हाइकं शोधावी लागली नाहीत, तीच मला शोधत आली. आता २०२१चा फेब्रुवारी चालू आहे, धंदा नीट उभा आहे, आणि पुढचं तेल बदलायची वेळ आली की मला कोणाला विचारावं लागणार नाही.

अप्पांनी मात्र त्या दिवशी जेवताना विचारलं होतं, "गाडीखालचं हे सगळं तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "आईनं." त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तेव्हापासून सांगलीला फोन लावला की ते मामाला, शेजाऱ्यांना, जुन्या ऑफिसातल्या मित्रांना सांगतात, पोरीला सगळं शिकवून गेली बरं का. मी शेजारच्या खोलीत ऐकते आणि त्यांचा तो समज तसाच राहू देते. हे लिहिलेलं त्यांच्या हाती पडू देणार नाही, आणि तुझ्या हाती तर पडायचं नाहीच.

तू मला शिकवलं नाहीस, आई. ते मी फोनवर कुठल्याशा अनोळखी माणसाचा व्हिडिओ बघून शिकले, थांबवून थांबवून, दोनदा बोल्ट चुकीच्या बाजूला फिरवून. तू मला दुकानात न्यायचीस, डबे वाचायला लावायचीस, चारचौघांत बोलायचीस, आणि पहाटे एकटीच गाडीखाली जायचीस. अप्पांना उठवलं नाहीस हे मी समजू शकते. मला उठवायला हवं होतंस. मी कुरकुरत का होईना, आले असते.